टिपकागदाखालच्या चार तारा

आधी काकूंचं सांगतो, मग काय झालं ते. उलटं सांगितलं की लोक माझ्या चुकीवर हसतात आणि काकू मागंच राहतात.

या काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या पुण्याच्या. त्यांचे यजमान इथं दोह्यात गॅसच्या कंपनीत मोठे इंजिनियर. मी मिरजेचा, नववीत शाळा सोडलेला, नजमा भागातल्या एका फ्रेमच्या दुकानात फ्रेमा बनवणारा आणि लोकांच्या भिंतींवर टांगणारा. आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. ती झाली त्यांच्या हॉलमधल्या शिडीवर. मी वर ड्रिल मारत होतो, भिंत आतून पोकळ निघाली, आणि माझ्या तोंडून "आयला" असं निम्मं बाहेर पडलं. बाकीचं गिळलं. खालून आवाज आला, "कुठला रे तू?"

मी शिडी घट्ट धरली. "मिरजेचा, मॅडम."

"मॅडम काय? काकू म्हण. आणि शिवी द्यायची तर पूर्ण दे, अर्धी गिळली की पोट दुखतं."

त्या दिवशी चहा झाला. मिरजेचा म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, सतारींच्या गल्लीतला का. मी हो म्हटलं, आणि पुढचंही सांगून टाकलं, कारण खोटं मोठेपण मला निभावत नाही. शाळा सोडल्यावर मी त्या गल्लीत एका चाचांकडे सहा वर्षं काम केलं. वाळलेला भोपळा कापायचा, आतून खरवडायचा, दांडी घासायची, भोपळ्याच्या तोंडावर बसवायची लाकडी तबली घासायची, पॉलिशचे हात द्यायचे. तारा चढायच्या आधीचं सगळं माझं. तारा चढवणं, त्या जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाजाची जवारी काढणं, सूर लावणं हे चाचांचं. मला ते शिकवणार होते, पण आधी भोपळा नीट खरवडता येऊ दे म्हणायचे, आणि मला तो त्यांच्या मनासारखा यायच्या आत काम कमी झालं आणि मी इकडं आलो. म्हणजे मी शेकडो वाद्यं हाताळली, पण तार लावलेलं एकही नाही. काकू हे ऐकून हसल्या नाहीत. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. इथं फ्लॅटमध्ये मोबाइलवर तानपुरा लावून रियाज करायच्या. म्हणाल्या, डब्यातल्या आमरसासारखं आहे ते, असतं आंब्याचंच.

तेव्हापासून त्यांच्याकडचं काही काम असलं की त्या दुकानात फोन करून सांगायच्या, त्या मिरजेच्या मुलाला पाठवा. दिवाळीला चकल्या आणि मध्येच कधी धपाटे यायचे. माझ्या खोलीतल्या नेपाळ्याला धपाटे माझ्यापेक्षा जास्त आवडतात.

आता चूक.

तिच्या आधी दोन महिने माझ्या हातून एका हॉटेलात मोठा आरसा तडकला होता. भोक दीड इंच बाजूला पडलं, आरसा कोपऱ्यावर बसला आणि गेला. आमच्या मुदीरनं, म्हणजे मालकानं, मला बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं होतं की माझा इथं राहायचा परवाना तीन महिन्यांनी नवा करायचा आहे, आणि तोवर अजून एक वस्तू बिघडली तर खलास. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. हळू बोलणारा माणूस शब्द पाळतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक माप तीनदा घ्यायला लागलो. दुकानाचं कुलूप लावून व्हॅनमध्ये बसलो की उतरून परत ओढून बघायचो. परत गेलो तर मिरजेत काय करणार हा प्रश्न मला झोपेतून उठवायचा. आई घरी सगळ्यांना सांगते की मुलगा चित्रांच्या लाईनीत आहे. ती लाईन तुटली तर तिनं काय सांगायचं.

अशा दिवसांत काकू एका गुरुवारी सकाळी दुकानात आल्या. काका निवृत्त होत होते, दोघं कायमचे पुण्याला निघाले होते, आणि सामान बांधताना एका ड्रॉवरमधून एक चित्र निघालं होतं. काका तरुणपणी कंपनीच्या कामानं जपानला गेले असताना तिथून आणलेलं. तेव्हापासून ते फ्रेम करायचं राहूनच गेलं होतं. आता नेण्याआधी ते काचेत बसवून घ्यायचं होतं. काकूंनी मुदीरला इंग्रजीत सांगितलं की हे काम यानंच करायचं. मला मराठीत सांगितलं, "घाई नाही. आधी नीट बघ, मग कर." प्रत्येकच गिऱ्हाईक नीट कर म्हणतं. मी मान हलवली.

त्या गेल्यावर मी पांढरे हातमोजे घालून काउंटरवर फोल्डर उघडलं. काउंटर काचेच्या दारापाशी आहे आणि सकाळी तिथं ऊन आडवं येतं.

वीतभर चौकोनी कागद. त्यावर एक वाद्य, एकटंच, कुणी वाजवणारा नाही. पोट पेअरच्या फळासारखं, खाली रुंद आणि वर निमुळतं होत दांडीत गेलेलं. दांडीचं डोकं मागं मोडल्यासारखं वाकलेलं, त्यात दोन्हीकडून चार खुंट्या. पोटावर दोन छोट्या चंद्रकोरी कापलेल्या, आवाज बाहेर यायला. बाजूला वाजवायची लाकडाची एक मोठी नखी, पंख्याएवढी रुंद. निम्मं वाद्य लाल जरीच्या कापडात गुंडाळलेलं, आणि ते लाल वरून खाली फिकट होत होत कागदातच विरून गेलेलं. कोपऱ्यात धावत्या अक्षरांच्या तीन ओळी आणि फुलांची एक काटकी.

मी खूप वेळ बघत राहिलो, हे खरं आहे. पण काय बघितलं? लाकूड. पोटाच्या लाकडाच्या शिरा अशा उमटल्या होत्या की माझा अंगठा मोज्याच्या आत हुळहुळला. एवढ्या बारीक शिरा ब्रशनं कोण काढत बसला असेल असं वाटलं. मग दिसलं की वाद्याला तारा नाहीत. आणि इथंच माझ्या सहा वर्षांच्या कामानं मला फसवलं. दुसरा कुणीही थांबला असता. चार खुंट्या आहेत, घोडी आहे, आणि तारा नाहीत, असं कसं? मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या डोळ्यांना वाद्य असंच असतं. बिनतारांचं, भिंतीला टेकवलेलं, चाचांची वाट बघणारं. मी मनात म्हटलं, काम अजून पूर्ण झालेलं नाही, पॉलिश चांगलं झालंय.

आणि आडव्या उन्हात त्या पोटावरून दांडीकडं गेलेल्या फिक्या रेघा दिसल्या त्या मला चुण्या वाटल्या. इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेला कागद, चुण्या पडणारच. आमच्याकडं याची रीत ठरलेली आहे. कागदाच्या पाठीवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा, दोन टिपकागदांमध्ये ठेवायचा, वर जाड काच आणि काचेवर संगमरवराची लादी. दुपारपर्यंत कागद इस्त्री केल्यासारखा सरळ.

फवाऱ्याची बाटली हातात घेतली, आणि भीती वाटली. आरशापासून मला सगळ्याचीच भीती वाटत होती. म्हणून ओल्या कापसाचा बोळा लाल कापडाच्या अगदी कडेला, माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकली जाईल अशा ठिकाणी, टेकवून बघितला. कापूस किंचित गुलाबी झाला. रंग सुटतोय. बाटली खाली ठेवली आणि कोरडाच कागद टिपकागदांत घातला, वर काच, वर लादी. स्वतःवर खूश झालो. मग नेपाळी सोबत्याबरोबर व्हॅनमधून वेस्ट बेला गेलो. तो आमची व्हॅन चालवतो. तिथं एका ऑफिसात चौदा फ्रेमा लावायच्या होत्या.

नववी फ्रेम लावत असताना काकूंचा फोन आला. सहज केला होता. त्या म्हणाल्या, "बघितल्यास का रे तारा? कशा छापल्यात ना?"

माझ्या तोंडातून "हो काकू" निघून गेलं. त्या पुढं बोलत होत्या की शाईच न लावता छापल्यात बघ, नुसता कागद दाबून, तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत, काका तर म्हणतात दुकानदारानं दाखवल्या नसत्या तर त्यांनाही कळलं नसतं. मी शिडीवर उभा होतो.  चार रेघा. चार खुंट्या. त्या चुण्या नव्हत्या. मी तारांवर लादी ठेवून आलो होतो.

उरलेल्या पाच फ्रेमा कशा लावल्या आठवत नाही. सरळ लागल्या असाव्यात, कुणाची तक्रार आली नाही. व्हॅनमध्ये सोबती विचारत होता काय झालं, मी त्याला म्हटलं, "गाडी चलाओ." कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, सिग्नलला तो थांबला तेव्हा माझ्या मनात सगळं ठरूनही गेलं होतं. काकूंचं तोंड, मुदीरचा हळू आवाज, विमानतळ, आई. खोटं बोललो ते वेगळंच. ते तर मुदीरनं धरलंही नसतं, पण मला तेच जास्त टोचत होतं. ज्या बाईनं माझी अर्धी शिवी ऐकून चहा पाजला तिला मी पूर्ण खोटं सांगितलं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन लादी उतरवली, काच उचलली, वरचा टिपकागद काढला. डोक्यावर ट्यूबलाईट. वाद्याच्या पोटावर काहीही नव्हतं. शिरा होत्या, चंद्रकोरी होत्या, रेघा नव्हत्या. कागद सपाट, आमच्या रीतीप्रमाणं उत्तम सपाट.

मी स्टुलावर बसलो. मग फोन लावला, कारण अजून थोडा वेळ गेला असता तर मी लावलाच नसता. काकूंना म्हटलं की मघाशी खोटं बोललो, तारा मी बघितल्या नव्हत्या, चुण्या समजून दाबल्या, आणि आता त्या नाहीत. रंग सुटतो का ते आधी बघितलं म्हणून पाणी तेवढं मारलं नाही.  काकू म्हणाल्या, "हात लावू नकोस. मी येते."

त्या अर्ध्या तासात आल्या. नजमात गाडी लावायला जागा मिळत नाही, कुठंतरी लांब लावून उन्हातून चालत आल्या होत्या, चेहरा लाल झाला होता.  आल्या आल्या ट्यूबलाईट बंद करायला सांगितली. पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि तो टेबलावर आडवा ठेवला, कागदाच्या अगदी शेजारी, उजेड कागदाला घासून जाईल असा.

एक तार उठली. मग दुसरी. काकूंनी मोबाइल नखभर सरकवला, तिसरी आणि चौथी. बारीक, स्वच्छ, घोडीपासून वाकलेल्या डोक्यापर्यंत गेलेल्या चार सावल्या.

चाचा असंच करायचे. घासून झालेल्या तबलीवर बल्ब आडवा धरायचे, उंचवटा राहिला असेल तर सावली पडायची, आणि मला टपली बसायची. सहा वर्षं मी ते बघत होतो, आणि वरच्या ट्यूबलाईटमध्ये बघून तारा मेल्या म्हणून रडायच्या बेतात होतो. मी भिंतीला टेकलो. 

"एक जरा दबलीय," मी म्हटलं. कारण दबली होती. तिसरी तार खाली घोडीपाशी बोटभर पुसट होती. लादीची कड तिथंच येत होती.

काकूंनी वाकून बघितलं. "ती? ती आधीपासूनच तशी आहे. ह्यांनी हे वीस वर्षं कंपनीच्या जाड मॅन्युअलखाली ठेवलं होतं. त्यातून उरलंय, तुझ्या चार तासांनी काय होतंय त्याला."

ते खरं होतं की माझ्यासाठी बोलल्या, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

तेवढ्यात मुदीर दारात आला. अंधारात गिऱ्हाईक बाई आणि मी आणि टेबलावर मोबाइल, त्याला काय वाटलं असेल. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, आरशाच्या दिवशी बघितलं होतं तसंच. मग मॅडमना विचारलं, काही अडचण आहे का. काकू सरळ झाल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की या चित्रातली एक गोष्ट याला सांगायची मी विसरले होते, चूक माझी, ती दाखवायला आले. आणि याचं कौतुक करायला. रंग सुटतो का हे यानं आधी तपासलं, पाणी लावलं नाही, दुसरा कुणी असता तर लाल रंग वाहून गेला असता. एवढं इंग्रजी मला समजतं. मुदीरनं मान हलवली, "गुड" म्हटलं, आणि गेला. पुढच्या महिन्यात माझा परवाना नवा झाला. त्या "गुड"मुळं झाला असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी दुसरा शब्द निघाला असता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "आता हात धुऊन ये. मोजे नको."

मी हात धुतले, पुसले, पँटला परत पुसले. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलून उभा धरला आणि पाठीमागून बोट फिरव म्हणाल्या. मागच्या बाजूला त्या रेघा खोल जातात. मी अंगठ्याचं टोक टेकवलं आणि हळू वर नेलं. डोळे आपोआप मिटले. एक, दोन, तीन, चार. मोजे नसते तर सकाळीच कळलं असतं. मी आयुष्यात कधी तार लावली नाही, आणि या चार माझ्या अंगठ्याखाली आल्या, एका परक्या देशातल्या, शाईसुद्धा नसलेल्या.

मग काकूंनी मला ते चित्र समजावलं, त्यांना माहीत होतं तेवढं. या वाद्याला बिवा म्हणतात. चित्र ब्रशनं काढलेलं नाही. लाकडाच्या फळीवर कोरतात, रंग लावून कागद दाबतात. एका रंगाला एक फळी. त्या शिरा कुणी काढलेल्या नाहीत, फळीच्याच शिरा कागदावर उतरल्यात. म्हणजे लाकडाचं चित्र लाकडानंच छापलेलं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखा हसलो. सकाळी माझा अंगठा हुळहुळला होता तो उगाच नाही. आणि तारांची फळी कोरून तिला रंगच लावला नाही, नुसतं दाबलं.

मी परत अंगठा फिरवला. काहीतरी खटकत होतं. मधल्या दोन रेघा सरळ नव्हत्या. अगदी किंचित, पोटाच्या मध्यावर, बाजूला झुकल्या होत्या.

"काकू, ह्या तारा ढिल्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम सोडल्यात. वाद्य लांब न्यायचं असलं की चाचा खुंटी अर्धा फेरा उलटी फिरवायचे. ताण ठेवून गुंडाळलं तर वाटेत तार तुटते, नाहीतर दांडी वाकते. कापड बघा ना, निम्मं गुंडाळलंय. वाजवून झालंय ह्याचं. आता ते प्रवासाला निघालंय."

जपानात तसंच करतात का, मला काय माहीत. मिरजेत करतात. काकूंनी मोबाइल परत आडवा केला, वाकून खूप वेळ बघितलं. मग तिथूनच काकांना फोन लावला. "अहो, तुम्ही इतकी वर्षं बाळगलंत ना ते, त्याच्या तारा ढिल्या आहेत. हो. मिरजेचा मुलगा सांगतोय. तुम्हाला दिसलं होतं का? नाही ना? मग." फोन ठेवून म्हणाल्या, "निरुत्तर केलंस इंजिनियरला."

ते चित्र मी पुढचे दोन दिवस खपून फ्रेम केलं. माउंट दुप्पट जाडीचं कापलं, काचेचा तारांना स्पर्शही होऊ नये म्हणून. द्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा हॉल रिकामा झाला होता, फक्त खोकी. मी सोबत एक छोटा दिवा नेला होता, भिंतीला आडवा लावायचा. पुण्यात चित्र कुठंही लावा पण दिवा बाजूलाच लावा, वर नको, असं काकांना चित्र काढून समजावलं. ते ऐकत होते. साठीचा इंजिनियर माझं ऐकत होता. काकूंनी धपाट्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, सोबत्याला आधी दे, तुला उरलं तर खा.

त्यांना पुण्याला जाऊन आता वर्ष होत आलं. सणासुदीला फोन येतो. चित्र दिवाणखान्यात आहे आणि दिवा बाजूलाच आहे, फोटो पाठवला होता, तारा फोटोत येत नाहीत. काकूंचा रियाज अजून मोबाइलच्याच तानपुऱ्यावर चालतो. गुडघे दुखतात, दुकानात जाऊन तानपुरा निवडायचा राहून जातोय म्हणतात.

मी गेल्या महिन्यात चाचांना फोन केला. वय झालंय, पण आवाज तसाच. विचारलं, सुट्टीत आलो तर तार चढवायला शिकवाल का. ते म्हणाले, आधी भोपळा आण, खरवडून दाखव. तर काकू, हे तुम्ही कधी वाचलंत तर एवढं लक्षात ठेवा. मोठी सुट्टी मिळाली की मी मिरजेत जाऊन भोपळा निवडणार आहे, आतून चाचा टपली मारणार नाहीत इतका साफ खरवडणार आहे, आणि तुमच्यासाठी तानपुरा करणार आहे. चारही तारा मी स्वतः चढवीन. आणताना त्या ढिल्या करून, कापडात गुंडाळून आणीन, आणि तुमच्या दिवाणखान्यात त्या चित्राखाली बसून, तुम्ही सांगाल त्या सुरात, एकेक करून लावून देईन. कधी ते आज सांगता येत नाही. पण देईन.